बालमधुमेह आणि घर : इन्सुलिनची शंभर वर्षे

टाइप वन मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मुलाच्या गोड खाण्याचा त्यात दोष नसतो. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी, म्हणजे १९२१ पूर्वी, अशी मुले फार काळ जगत नसत. जवळपास उपासमारीचा आहार एवढाच इलाज होता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले. पहिला अर्क अशुद्ध होता. काही दिवसांनी दिलेल्या शुद्ध अर्काने रक्तातली साखर उतरली. मात्र हे औषध रोज, जन्मभर घ्यायचे होते. त्यामुळे उपचाराचा मोठा भाग घरच्यांवर आला.

प्लास्टिकच्या सिरिंज येईपर्यंत काचेची सिरिंज आणि सुई पातेल्यात उकळून घ्यावी लागे. बोथट झालेल्या सुईला धार लावून तीच पुन्हा वापरत. साखर तपासायला बेनेडिक्टचे द्रावण असे. परीक्षानळीतल्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून ते तापवायचे : निळा रंग राहिला तर साखर नाही, पुढे हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी. पण लघवी आधीच्या काही तासांची साखर दाखवते आणि रक्तात ती धोकादायकरीत्या उतरल्याचे कळतच नाही. घाम, थरथर, चिडचिड ही लक्षणे ओळखून वेळेत साखर भरवणे आईबापांच्या नजरेवर अवलंबून असे.

इन्सुलिन थंड ठेवणे हाही प्रश्न होताच. कल्याण-भिवंडी रस्त्यावरील कोनसारख्या गावांत भारनियमनाच्या काळात फ्रीज असूनही भरवसा नसे. फ्रीज नसलेल्या घरांत पाण्याने गार राहणारे मातीचे मडके आजही उपयोगी पडते; बाटली मात्र ओली होऊ द्यायची नसते.

१९८० च्या दशकात ग्लुकोमीटर घरोघरी पोहोचू लागले. १९९३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने साखर काटेकोर ताब्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू वाचतात, हे सिद्ध केले. त्यानंतर दिवसातून अनेकदा तपासणे आणि टोचणे ही रीत रुजली. भात, भाकरी, डब्यातली पोळी यांच्या प्रमाणानुसार डोस ठरवण्याचा हिशेब घरच्यांना शिकावा लागला.

भारतात अनेक घरे अजून दर मिलिलिटरला ४० युनिटची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज वापरतात. टोचण्याच्या पेनच्या कार्ट्रिजमधले इन्सुलिन मात्र १०० युनिटचे असते. ते या सिरिंजने घेतल्यास डोस अडीचपट होतो. म्हणून हा फरक प्रत्येक घराला समजावून द्यावा लागतो.

ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपांचा खर्च हीदेखील मोठी अडचण. १९९५ मध्ये डॉ. शरद पेंडसे यांनी नागपुरात ड्रीम ट्रस्ट सुरू करून गरीब मुलांना मोफत इन्सुलिन आणि शिक्षण दिले. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) उडान संस्थेनेही असेच काम उभे केले. लग्न जमणार नाही या भीतीने मुलीचा आजार लपवण्याची प्रवृत्ती मोडणे हा या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग आहे. शाळेपासून आजार लपवला, तर तिथे साखर उतरल्यावर मदत कोणी करायची, हेच कोणाला ठाऊक नसते. शिक्षकांना लक्षणे माहीत असणे आणि दप्तरात ग्लुकोजची पुडी असणे हा आता घरच्या उपचाराचाच भाग मानला जातो.