तळ दिसेपर्यंत

विहिरीवरचं इंजिन धडधडतंय, पट्टा फिरतोय, पण पाइपातून पाणी येत नाही. 'फुटवॉलमध्ये कचरा गेला,' कुणीतरी म्हणतं. मग दमाचा एखादा गडी कपडे काढून पाइपाला धरत खाली जातो आणि काठावरची बोलणी थांबतात. खाली गार अंधार, भिंतीला कपारी. हाताने चाचपून झडप शोधायची, अडकलेला पाला ओढून काढायचा आणि छाती फुटायच्या आत वर यायचं. सातारा-सांगलीला समुद्र नाही, तिथल्या गुहा तर दूरच. एकट्याने पाण्याखालच्या काळोखात शिरण्याचा इथला अनुभव एवढाच, आणि तोही हौसेचा नव्हे. या भागाचा जुना ध्यास वेगळाच: पाण्यात उतरण्यापेक्षा पाणीच वर आणायचं.

त्या ध्यासाचा सगळ्यात देखणा पुरावा साताऱ्याजवळच्या लिंब गावात आहे. बारा मोटेची विहीर विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. पाहुणे आतला महाल आणि कोरीव खांब पाहून परततात. पण या विहिरीचं खरं यंत्र वर काठावर होतं. बैलजोडी धावेवरून उतरू लागली की नाडा ताणायचा, भरलेली चामड्याची मोट वर यायची, तिच्या सोंडेची दोरी म्हणजे सोंदूर ओढला गेला की सोंड थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटाला लागायचं. बैल उलट्या पावली पुन्हा वर. अशा बारा मोटा एका वेळी चालत. बारा नाड्यांची कुरकुर आणि मोटकऱ्यांची गाणी यांत तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत असेल, अशी शंकाच आहे.

पुढे दोनेक शतकं फारसं काही बदललं नाही. बदल आला तो रंग नीट न ओळखता येणाऱ्या एका चित्रकारामुळे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना रंगांतला फरक पुरता कळत नसल्याने त्यांना ती सोडावी लागली. ते यंत्रांकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान निघालं, मग लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमिनीला विष चढतं, या समजामुळे शेतकरी नांगराला हात लावेनात. तेवढ्यात बेळगावातली जागाही सोडायची वेळ आली. तेव्हा मदतीला आले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, आणि गंमत म्हणजे ते स्वतः चित्रकार. औंध आज सातारा जिल्ह्यात. पण त्यांच्या संस्थानाचा एक तुकडा कुंडलला होता, तो आज सांगली जिल्ह्यात. कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला, नागांनी गजबजलेला माळ त्यांनी दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. १९२६ मध्ये याच कारखान्यातून सेंट्रिफ्यूगल पंप बाहेर पडला, देशातला पहिला.

मोटेला बुडी मारणारा गडी लागत नव्हता. पंपाला तो लागू लागला. हा पंप पाणी ओढतो म्हणजे पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबाने ही उंची सुमारे चौतीस फूट, प्रत्यक्षात पंचवीसेक. म्हणून पाणी आटत गेलं की पंपही विहिरीत खाली उतरवायचा. सुरू करण्याआधी पाइप पाण्याने भरलेला हवा आणि ते पाणी धरून ठेवायला तळाशी झडप हवी. तीच फुटवॉल.

हाच हिशेब जुलै २०१८ मध्ये थायलंडच्या चियांग राय प्रांतात जाऊन पोहोचला. २३ जूनला बारा मुलं आणि त्यांचा पंचवीस वर्षांचा फुटबॉल प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत शिरले. पाऊस कोसळला, वाट बुडाली. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थेन या ब्रिटिश पाणबुड्यांना ती मुलं गुहेच्या तोंडापासून काही किलोमीटर आत सापडली. इंग्लंडमध्ये पाण्याने भरलेल्या गुहांत बुडी मारण्याचा छंद १९३५ च्या सुमारास वूकी होल या गुहेत सुरू झाला. तिथल्या अरुंद, गढूळ वाटांत सोबती मदतीला येण्याऐवजी अडथळाच ठरतो. म्हणून अनेकजण एकटेच जातात: सगळी उपकरणं दुहेरी, हाताखाली वाटेची दोरी, आणि हवेचे तीन वाटे. एक जायला, एक यायला, एक राखीव. तिसऱ्या वाट्याला हात लावायचा नाही. विहिरीत उतरणाऱ्या गड्याकडे दोरीच्या जागी पाइप असतो आणि हवा छातीत मावेल तेवढीच.

पण नुसत्या पाणबुड्यांनी भागणार नव्हतं. पाण्याखालून जायची सवय नसलेली मुलं त्या वाटेने आणायची तर पाणी उतरायला हवं होतं. भारतीय दूतावासामार्फत लक्ष्मणरावांच्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचं पथक ५ जुलैला तिथे पोहोचलं. त्यात सांगलीकडचा अभियंताही होता. पाणी कुठून, किती आणि कसं उपसायचं, हे त्यांनी सांगायचं होतं. आपोआप पाणी धरणारे, उपशाचे चार मोठे पंप विमानाने न्यायला किर्लोस्करवाडीत तयार ठेवले होते. पंप असे, की फुटवॉलसाठी कुणाला बुडी मारायला नको. मात्र हवेचा दाब सगळीकडे सारखाच. पाणी फार खाली असेल तर वर बसवलेला पंप कितीही दांडगा असला तरी काय करणार?

६ जुलैला गुहेत हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना थायलंडच्या नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान यांचा हवेअभावी मृत्यू झाला. बाहेर उपसलेलं पाणी भाताच्या शेतांत पसरत होतं. खाचरं बुडाली, तरी पोरं आधी बाहेर येऊ देत, म्हणून काही शेतकऱ्यांनी भरपाईही नाकारली.

८ ते १० जुलै या तीन दिवसांत गुंगीचं औषध दिलेली मुलं आणि प्रशिक्षक यांना पाणबुड्यांनी एकेक करून बाहेर काढलं. आत सामान आवरणारी माणसं अजून होती. तेवढ्यात मुख्य पंप बंद पडला, पाणी भराभर चढू लागलं आणि ती माणसं हातातलं सामान टाकून तोंडाकडे पळत सुटली.