मादन हिप्परगा परिसर : कोरडवाहू शेती आणि हवामान-अनुकूलन

मादन हिप्परगा हे कर्नाटकातील कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेजवळचे गाव. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानाच्या जुन्या हद्दीत होता. पुनर्रचनेत बीदर आणि गुलबर्गा एका राज्यात गेले, तर उमरगा आणि निलंगा दुसऱ्यात. बाजारात मात्र कन्नड आणि मराठी दोन्ही चालत राहिल्या, आणि शेती तर दोन्हीकडे एकच राहिली. बदलत्या पावसाशी या पट्ट्याने कसे जुळवून घेतले, त्याचा आढावा या नोंदीत आहे.

दख्खनच्या काळ्या दगडावरची ही जमीन आहे. कलबुर्गीकडे काळी, भेगाळणारी माती. बीदरच्या पठारावर जांभा आणि तांबडी माती. पाऊस बीदरकडे साडेआठशे, तर कलबुर्गीकडे साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. एवढा पाऊस कोरडवाहू पिकांना पुरावा. खरी अडचण तो कधी आणि कसा पडतो, ही आहे. मृग कोरडा जातो, पेरणी जुलैत सरकते, मधे तीन-तीन आठवडे उघडीप पडते आणि परतीचा पाऊस एका रात्रीत उभे पीक आडवे करतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेल्या पुराने अफजलपूरकडच्या गावांना घरे सोडायला लावली. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ‘जलदूत’ नावाच्या त्या गाडीच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुष्काळ आणि पूर एकाच दशकात, एकाच पट्ट्यात.

या परिसराची खरी कसोटी तुरीत दिसते. कलबुर्गीला तुरीचे कोठार म्हणतात आणि ‘गुलबर्गा तूरडाळ’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीचे सोटमूळ खोल जाते. मूग-उडीद करपून जातात तेव्हाही ती खालच्या ओलीवर तग धरते. म्हणूनच जुन्या शेतकऱ्यांनी ज्वारी, मूग, तीळ यांच्या काकऱ्यांत तुरीचे तास ठेवले. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागावे, हा त्यामागचा हिशेब होता. अलीकडे बीदर, भालकी आणि औराद भागांत सोयाबीन पसरले, पण तुरीचा पट्टा त्यातही टिकला. तो टिकला हे चांगलेच झाले.

पेरणी लांबली की तुरीचा हंगामही पुढे ढकलला जातो आणि फुलोरा नेमका ओल संपण्याच्या वेळी येतो. यावर रायचूर कृषी विद्यापीठाच्या बीदर येथील संशोधन केंद्राने पुढे आणलेला उपाय साधा आहे. मे महिन्यात प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत माती आणि शेणखत भरून तुरीचे बी टोकायचे, महिना-सव्वा महिना रोपे सांभाळायची आणि चांगला पाऊस झाला की रुंद अंतरावर शेतात लावायची. भाताची लावणी सगळ्यांनी पाहिलेली असते. तुरीची लावणी मात्र ऐकणाऱ्याला आधी विचित्र वाटते. पाऊस उशिरा आला तरी पीक महिनाभराचे झालेले असते, बियाणे फार थोडे लागते आणि दुबार पेरणीची धास्ती उरत नाही. पुढे शेंडे खुडले की फांद्या फुटतात. हे खुडणे पूर्वी हाताने होई, आता बॅटरीवरची यंत्रे आली आहेत. मजुरी आणि सुरुवातीचे पाणी यांमुळे लहान शेतकऱ्याला हे सारे सोपे जात नाही. तरीही या पट्ट्यातल्या सगळ्या उपायांत हा सर्वांत अस्सल मानावा लागेल, कारण तो इथल्याच पिकासाठी आणि इथल्याच अडचणीतून निघाला आहे.

मर रोगाचा प्रश्न वेगळा. ‘इक्रिसॅट’ या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या निवडीतून आलेल्या आयसीपी ८८६३ म्हणजे ‘मारुती’ या वाणाने १९८० च्या दशकापासून मर लागणाऱ्या जमिनीत तूर उभी ठेवली. पुढे टीएस-३आरसारखे वाण आले. तरी २०२२ च्या हंगामात कलबुर्गी, बीदर आणि यादगीर जिल्ह्यांत मर रोगाने उभी शेते वाळली आणि राज्य सरकारला हेक्टरी १०,००० रुपयांची विशेष मदत जाहीर करावी लागली. वर्षानुवर्षे त्याच रानात तुरीवर तूर घेतली तर वाण एकटा काय करणार?

पाण्याच्या बाबतीत या भागाकडे जुने आणि थोर उदाहरण आहे. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी पद्धतीने खोदलेल्या बीदरच्या सुरंग बावी. जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या बेसाल्टवर अडते. त्या सांध्यातून बोगदा खणून, केवळ उताराच्या आधाराने, ते वस्तीपर्यंत आणले होते. हवा आणि गाळ काढण्यासाठी बोगद्यावर ठिकठिकाणी उभ्या विहिरी ठेवल्या होत्या. बीदरच्याच नौबाद भागातली सुरंग बावी कचऱ्याने आणि बांधकामाने बुजत गेली. भूगोलतज्ज्ञ गोविंदनकुट्टी यांनी तिचा मार्ग नकाशावर आणला, स्थानिक तरुण पुढे आले आणि गाळ उपसल्यावर बोगद्यात पुन्हा पाणी दिसू लागले. २०१६ च्या दुष्काळात जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी बीदरमधील जुन्या विहिरी आणि तलाव उपसून घेतले. नवे काही न बांधता, जे होते ते मोकळे करून मिळालेले हे पाणी आहे.

सरकारी योजनांपैकी तीन इथे महत्त्वाच्या. ‘भूचेतना’ने (२००९) माती तपासून जस्त, बोरॉन, गंधक यांची उणीव दाखवून दिली. ‘कृषी भाग्य’ने (२०१४) अस्तर घातलेली शेततळी दिली, ती मधे थंडावली आणि २०२३ नंतर पुन्हा सुरू झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या ‘सुजला’ पाणलोट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात बीदर आणि कलबुर्गी होते. त्यात सर्व्हे नंबरनिहाय मातीचे नकाशे तयार झाले. कुठे बांध घालावा, कुठे तळे खणावे, कुठे काहीच करू नये, हे जमिनीची खोली आणि उतार पाहून ठरू लागले. या योजनांना जोड आहे ती राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायत पातळीपर्यंत बसवलेल्या स्वयंचलित पर्जन्यमापकांची.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०१८ पासून जागतिक बँकेच्याच पैशातून ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ सुरू झाला. लातूर, धाराशिव जिल्ह्यांतली गावे त्यात आहेत. याच जिल्ह्यांत १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ने बायकांना घरच्या जमिनीतला एकेक एकर त्यांच्या निर्णयाने, खाण्याच्या पिकांसाठी कसायला लावला. पूर्वेला तेलंगणातल्या जहीराबादजवळ पस्तापूरच्या ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’च्या दलित शेतकरी महिलांनी भरडधान्यांचे बियाणे घराघरांत जपले. दोन्ही संस्थांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, एकीला २०१६ मध्ये आणि दुसरीला २०१९ मध्ये.

या पट्ट्याचे दूरचे भावंड पूर्व आफ्रिकेत आहे. टांझानियातल्या बाबाती भागात मक्यात तूर घेतात, केनियाच्या माचाकोस-माकुएनी भागात ती कोरडवाहू शेतांत असते. माचाकोसच्या शेतकऱ्यांनी समपातळीत चर खणून माती वरच्या अंगाला टाकण्याची ‘फान्या जू’ पद्धत रूढ केली, आणि कोरड्या ओढ्यांत भिंती घालून वाळूत पाणी साठवले. भीमेच्या वाळूत झिरे खणणाऱ्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. नाते बाजाराचेही आहे. २०१५ मध्ये इथे तूर महागली तेव्हा आफ्रिकेतली लागवड वाढली. पुढच्या हंगामात कलबुर्गीत अमाप पीक आले, ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि टांझानियातल्या शेतकऱ्याचा भाव कोसळला.

या परिसराची सर्वांत मोठी उणीव नकाशातच आहे. भीमेचे खोरे दोन्ही राज्यांत पसरलेले, तूर एकच, मर रोगही एकच. पण मातीचे नकाशे, पावसाची आकडेवारी आणि पाणलोटाचे आराखडे प्रत्येक राज्याचे वेगळे. आळंद, अक्कलकोट आणि उमरगा या तीन तालुक्यांचा पाणलोट आराखडा दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांनी एकत्र बसून करावा, आणि तो गावकऱ्यांना कन्नड व मराठी दोन्ही भाषांत मिळावा.