फ्रँकलिनचा पाचवा दिवस

वीज आणि पतंग म्हटलं की बेंजामिन फ्रँकलिन आठवतो. पण पेनसिल्व्हेनियात त्याच्याकडे अंग लुळं पडलेले रुग्णही येत. इटली-जर्मनीत विजेने लोक बरे होतात, अशा बातम्या छापून आल्या होत्या ना! काचेच्या दोन मोठ्या बरण्यांत साठवलेल्या विजेचे धक्के तो लुळ्या हातापायाला देई, बहुधा दिवसातून तीनदा. एकाला हात गुडघ्यावरून उचलता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो चार-पाच इंच उचलला गेला. पाचव्या दिवशी त्याने कशीबशी टोपी काढली.

आणि पुढे? पाचव्या दिवसानंतर सुधारणा पाहिल्याचं आठवत नाही, असं फ्रँकलिनने १७५७ च्या पत्रात स्वच्छ लिहिलं. आलेला गुण प्रवासातल्या हालचालीचा किंवा आशेचाही असेल, ही शंकाही घेतली. मला ही नोंद पतंगापेक्षा मोलाची वाटते.

२०२१ मध्ये अमेरिकेत पक्षाघातानंतरच्या हातासाठी व्हेगस मज्जातंतूला वीज देणाऱ्या उपकरणाला मान्यता मिळाली. १०८ रुग्णांच्या चाचणीत व्यायाम सगळ्यांनीच केला. हालचालीच्या जोडीने वीज मिळालेल्यांपैकी ४७ टक्क्यांना तीन महिन्यांनी ठळक फायदा दिसला. वीज न मिळालेल्यांपैकी २४ टक्क्यांना.