दुष्काळात मंडळी काय करते? माळव्याच्या इतिहासातून



प्रेषितांची कृत्ये, अध्याय ११ मध्ये अंत्युखियाच्या मंडळीची हकिकत आहे. मोठा दुष्काळ पडणार, असे अगबाने आत्म्याच्या प्रेरणेने सांगितले आणि क्लौद्याच्या कारकिर्दीत तो पडला. तेव्हा शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधुजनांसाठी मदत काढली आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवली. म्हणजे पैशाबरोबर माणसेही गेली. बर्णबा या नावाचा अर्थच बोधपुत्र, धीर देणारा.

आपल्या उज्जैननेही असा काळ पाहिला आहे. शिंद्यांच्या राज्यातले हे शहर, भोवती माळव्याची काळी जमीन. दुष्काळ पडला की मारवाडातले लोक गुरेढोरे घेऊन इकडे आसऱ्याला येत. १८९९ साली मात्र पावसाने दगा दिला आणि आसरा देणारा माळवाच उपाशी पडला. विक्रम संवत १९५६ होते, म्हणून तो छप्पनचा दुष्काळ. १८७७ पासून मध्य भारतात काम करणाऱ्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे उज्जैन हे एक ठाणे होते. त्या मिशनने आईबाप गमावलेल्या मुलांना जवळ केले. त्यांच्यातली बरीच मुले पुढे मंडळीचे सभासद झाली. ज्यांना एकदा हात मिळाला होता, तेच उपासनेत आपल्या शेजारी बसू लागले.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्यावर त्या स्वतः तिथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. देवाने आपले सांत्वन केले ते इतरांचे सांत्वन करता यावे म्हणून, असे पौल करिंथकरांस लिहितो. रमाबाईंनी ते जगून दाखवले.

आज आपल्या मंडळीत दुष्काळ नाही, पण कोणाची नोकरी सुटते, कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो, कोणाची खुर्ची रविवारी रिकामी दिसू लागते. अंत्यविधीला आपण सारे जमतो. त्यानंतरच्या महिन्यात किती जण जातो? म्हणून आम्ही सेवक म्हणून एवढेच सुचवतो : जाताना उपदेश नको, डबा घेऊन जा. “काही लागले तर सांगा” असे म्हणण्याऐवजी दवाखान्यात सोबत बसा. ऐकलेले बाहेर बोलू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते.

या आठवड्यात प्रत्येकाने एका घराचे नाव मनात घ्यावे, त्या घरासाठी प्रार्थना करावी आणि मग त्या घरी जावे. प्रभू आपल्या पावलांना तिथवर नेवो. आमेन.