साधं की महाग?

परवा पंपावरच्या पोराने विचारलं, "काका, साधं टाकू की प्रीमियम?" मी आपलं साधंच टाकायला सांगितलं. पेन्शनर माणूस, दुसरं काय सांगणार! पण घरी आल्यावर तो 'ऑक्टेन' शब्द काही डोक्यातून जाईना. बी.ए.ला इतिहास घेतलेला, त्यामुळे कशाचाही उगम शोधायची खोड आहे.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा जोर नव्हे, सोशिकपणा. सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणहून पेटलं, की इंजिन ठोके देतं. ते किती सहन होतं हे मोजायला १९२६च्या सुमारास ग्रॅहम एडगर यांनी मोजपट्टी बसवली. आयसोऑक्टेनला १०० गुण, हेप्टेनला शून्य. (आम्हा मास्तरांना शून्य ते शंभर लगेच कळतं.) ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला वरचा आकडा लागतो. गाडीच्या पुस्तकात ९१ पुरेसं म्हटलं असेल, तर ९७ किंवा १०० घालून रोजच्या भाजीबाजाराच्या फेऱ्यांत काही पदरात पडत नाही. शिवाय २० टक्के इथेनॉलच्या आपल्या साध्या पेट्रोलचाच आकडा आता ९५ झाला आहे. तेव्हा पैशाचा प्रश्न मिटला.

इतिहासाचा मात्र मिटत नाही. हा आकडा स्वस्तात वाढवायचा उपाय अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१मध्ये सापडला : पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग, टेट्राएथिल लेड. विकताना नाव ठेवलं नुसतं 'एथिल'. शिशाचा उल्लेखच नाही! १९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीच्या कारखान्यात त्या विषाने कामगार भ्रमिष्ट झाले, पाच जण दगावले. मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव हातावर चोळून, हुंगून दाखवलं. त्याआधी त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा होऊन गेली होती, हे विशेष.

मग पन्नासेक वर्षं जग तेच जाळत राहिलं. १९७९मध्ये हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणी कमी भरली. आणि त्यांच्या शिक्षकांनी, दातांतलं काहीच ठाऊक नसताना, त्याच मुलांबद्दल जास्त वेळा लिहिलं होतं : लक्ष विचलित होतं, हातातलं काम पुरं करत नाही.

हे वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ बसून राहिलो.

आपल्याकडे चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५मध्ये आलं, देशभर १ फेब्रुवारी २०००पासून. जगातला शेवटचा देश अल्जेरिया, तिथे ते २०२१मध्ये थांबलं. माझी बहुतेक नोकरी त्याआधीची. आमची शाळा भर चौकात. सातवी 'ब'च्या खिडकीखाली रिक्षांचा थांबा होता, आणि उन्हाळ्यात आम्ही खिडक्या सताड उघड्या ठेवत असू. प्रगतिपुस्तकात 'वर्गात लक्ष देत नाही' हा शेरा मी किती जणांना लिहिला, त्याची मोजदाद नाही. दोघा-तिघांचे चेहरे मात्र अजून आठवतात.