हातकुऱ्हाड, फरशी आणि तोडहत्यार: दगडांची साक्ष

३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना एक दगड आढळला. त्याचा आकार निसर्गाने नव्हे, माणसाने दिला होता. ती हातकुऱ्हाड होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना अत्तिरमपक्कम येथेही अशी हत्यारे मिळाली. भारतातील पुराश्मयुगाच्या अभ्यासाचा आरंभ येथूनच मानला जातो.

उघड्यावर लाकूड तोडण्यासाठी, शिकार फाडण्यासाठी वा कंद खणण्यासाठी आदिमानव जी हत्यारे मुठीत धरी, त्यांचे तीन प्रकार ठळक आहेत. तोडहत्यार सर्वांत साधे: नदीतल्या गोट्याच्या एका टोकाचे काही छिलके उडवले की धार तयार होते आणि उरलेला गुळगुळीत भाग मुठीत बसतो. हातकुऱ्हाड दोन्ही बाजूंनी घडवलेली असते. तिला टोक असते आणि कडेने लांब धार असते. फरशी, म्हणजे क्लीव्हर, मोठ्या छिलक्यापासून बनते. तिच्या टोकाशी आडवी, सरळ धार असते. ती मूळ छिलक्याचीच असून तिच्यावर पुन्हा काम केलेले नसते. म्हणजे छिलका दगडापासून सुटण्याआधीच कारागिराला तिची योजना करावी लागे.

या तुलनेतून पुढे माणसांचीच प्रतवारी लावली गेली. १९४८ मध्ये अमेरिकी पुरातत्त्वज्ञ हॅलम मोव्हियस यांनी नकाशावर एक रेषा मांडली: पश्चिमेला हातकुऱ्हाडींचा प्रदेश, पूर्वेला तोडहत्यारांचा. भारतीय द्वीपकल्प पहिल्या बाजूस आला आणि पूर्व आशिया मागासलेला ठरला. मात्र २००० साली दक्षिण चीनमधील बोसे खोऱ्यातील सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडींचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ती रेषा डळमळली.

अत्तिरमपक्कमने दुसरा धक्का दिला. शांती पप्पू, कुमार अखिलेश आणि सहकाऱ्यांनी तेथे १९९९ पासून उत्खनन केले. हत्यारांसोबत पुरलेल्या मातीचे पुराचुंबकीय मापन झाले आणि विश्वकिरणांमुळे क्वार्टझाइटमध्ये तयार झालेल्या ॲल्युमिनियम व बेरिलियमच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासले गेले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: येथील हातकुऱ्हाडी किमान १०.७ लाख आणि बहुधा सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत.

वरच्या थरांत चित्र पालटते. मोठी हत्यारे विरळ होतात; आधी गाभा तयार करून त्यातून हव्या त्या आकाराचे छिलके काढण्याचे तंत्र पुढे येते. प्रवरेकाठच्या नेवासे येथे ह. धी. सांकळिया यांनी १९५० च्या दशकात हातकुऱ्हाडींनंतरच्या अशाच छिलका-हत्यारांकडे लक्ष वेधले होते. त्या काळी क्रम सांगता येत होता, वय नव्हे. अत्तिरमपक्कमच्या थरांनी वय दिले. २०१८ मध्ये प्रकाशदीप्ती कालमापनाने हा बदल तेथे सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे दिसले.

हा आकडा महत्त्वाचा आहे. हे तंत्र आधुनिक मानवाने आफ्रिकेतून सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी भारतात आणले, असे अनेक अभ्यासक मानत. नव्या कालमापनाने त्या कथेला आव्हान दिले. पण ती हत्यारे कोणी घडवली, हा प्रश्न सुटलेला नाही. अत्तिरमपक्कमच्या थरांत मानवी अवशेष मिळालेले नाहीत. १९८२ मध्ये नर्मदेकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना सापडलेली कवटी हा भारतातील त्या प्राचीन काळाचा दुर्मीळ मानवी पुरावा आहे.

दगडाची धार कारागिराचे कौशल्य सांगते, थर त्याचा काळ सांगतो. त्याची जात किंवा त्याचा वंश यांपैकी कोणीही सांगत नाही. हत्यारांची तुलना करताना हा भेद विसरला की नकाशावर पुन्हा एखादी मोव्हियस रेषा उमटते.