बेडकांवरील महामारी



इ. स. १८९६ मध्यें मुंबई बंदरांत प्लेगची सांथ शिरली आणि हां हां म्हणतां साऱ्या महाराष्ट्रांत पसरली, हा इतिहास आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. माणसाच्याच जहाजांनीं तो मृत्यु वाहून आणला होता. आज ज्या महामारीविषयीं मी बोलणार आहे, तिचाहि प्रवास बव्हंशीं माणसाच्याच हातून घडला. फरक इतकाच कीं, तिनें माणसें मारलीं नाहींत, बेडूक मारले. हें ऐकून कोणास हसूं येईल. डबक्यांतल्या जीवाचा इतिहास तो काय सांगावयाचा ? परंतु एकाच रोगानें पृष्ठवंशी प्राण्यांच्या इतक्या जातींची हानि केल्याचें दुसरें उदाहरण ज्ञात इतिहासांत नाहीं.

मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका देशांत मोंतेव्हेर्दे नांवाचें धुक्यांत बुडालेलें अरण्य आहे. तेथें सोनेरी भेक राहत असे. १९८७ मध्यें मार्था क्रम्प या संशोधक बाईंनीं पावसाच्या डबक्यांभोंवतीं हे भेक दीड हजारांहून अधिक पाहिले. पुढच्या वर्षीं सारे मिळून दहा दिसले. १९८९ मध्यें एकच नर दिसला आणि त्यानंतर ती जात कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं. या नाशांत अवर्षणाचा वाटा किती व रोगाचा किती, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. परंतु त्याच १९८९ सालीं इंग्लंडांत कँटरबरी येथें उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हां देशोदेशींचे विद्वान एकमेकांस एकच वार्ता सांगूं लागले : आमचेहि बेडूक नाहींसे होत आहेत. जेथें झाड तोडलें गेलें नव्हतें, नांगर फिरला नव्हता, अशा रानांतले ओढेहि मुके झाले होते.

उलगडा १९९८ मध्यें झाला. ली बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलिया व पनामा येथील मेलेल्या बेडकांच्या कातडींत एकच बुरशी सांपडली. तिला कायट्रिड म्हणतात. तिचे सूक्ष्म बीजकण पाण्यांत पोहतात आणि बेडकाच्या त्वचेंत घर करतात. आपल्याला कातडी हें केवळ वस्त्र आहे. बेडूक मात्र तिनेंच पाणी पितो, बरेचसें श्वसनहि तिनेंच करतो आणि रक्तांतील क्षारांचा तोल तिनेंच राखतो. त्वचा बिघडली कीं क्षार घटतात आणि शेवटीं हृदय थांबतें. या बुरशीस गारवा मानवतो, उष्णता सोसत नाहीं. म्हणून थंड डोंगरी ओढ्यांवर तिनें विशेष आघात केला.

ही आली कोठून ? प्रथम संशय आफ्रिकेवर गेला. १९३० नंतरच्या काळांत स्त्रीस दिवस गेले आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं दक्षिण आफ्रिकेंतील नखवाल्या बेडकाचा उपयोग करीत. स्त्रीच्या मूत्राचें इंजेक्शन दिल्यावर त्या मादीनें अंडीं घातलीं, तर उत्तर होकारार्थी. त्यासाठीं हजारों बेडूक परदेशांतील रुग्णालयांत धाडले गेले. रोगहि त्यांच्याबरोबरच गेला असावा, असा तर्क होता. परंतु इतिहासांत पहिला संशयित हाच गुन्हेगार ठरतो असें नाहीं. २०१८ मध्यें अनेक देशांच्या संशोधकांनीं या बुरशीची वंशावळ तपासली आणि मूळ कोरियाच्या बाजूस निघालें. विसाव्या शतकाच्या आरंभापासून खाण्यासाठीं, पाळण्यासाठीं व प्रयोगांसाठीं बेडकांची जी ने-आण वाढली, तिच्याबरोबर हा रोग जगभर गेला, असें त्यांचें अनुमान आहे. २०१९ मधील गणनेप्रमाणें ५०१ जातींची संख्या त्यामुळें घटली. त्यांपैकीं ९० नामशेष झाल्या असाव्यात.

ही बुरशी आपल्या सह्याद्रींतील बेडकांवरहि आढळली आहे. तेथून सुदैवानें ओढेच्या ओढे निर्जीव झाल्याचें वृत्त नाहीं. पण या व्यवहारापासून आपण अलिप्त होतों, असें मला म्हणवत नाहीं. मी नवीन मास्तर झालों तेव्हां पावसाच्या पहिल्या रात्रीं माझे विद्यार्थी बत्त्या घेऊन शेतांत जात आणि पोतीं भरून मोठे बेडूक आणीत. व्यापारी ते विकत घेई. तंगड्या परदेशीं जात. मुलांच्या फीची सोय होते, म्हणून मी गप्प राहिलों. १९८७ मध्यें सरकारनें ही निर्यात बंद केली. बेडूक किडे खातो, हें मी वर्गांत फळ्यावर लिहून देत होतों आणि पोतीं जातांना पाहत होतों ! कोस्टारिका व पनामा येथें बेडूक नष्ट झाल्यावर माणसांत हिंवताप वाढल्याचें २०२२ मध्यें दाखविण्यांत आलें, तें वाचून मला ती पोतीं आठवलीं.

तरी सर्व आशा संपली नाहीं. पनामांत सांथ येऊन पोंचण्यापूर्वीं २००६ मध्यें अभ्यासकांनीं रानांतून बेडूक गोळा केले आणि जागा तयार होईपर्यंत एल व्हाये गांवच्या एका हॉटेलाच्या खोल्यांत ते सांभाळले. कॅलिफोर्नियांतील योसेमिटी अरण्यांत, सांथींतून तगलेल्या पिवळ्या पायांच्या बेडकांची संतति पुन्हां तळ्यांत सोडली. ती तेथें नांदूं लागल्याचें २०२४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, उन्हांत तापलेल्या भोंकांच्या विटा ठेवल्या, तर बेडूक त्यांत शिरून ऊब घेतात आणि रोगांतून बरे होतात. एका विटेची किंमत ती काय !

आपणांस पनामास जावयाचें नाहीं. मात्र एका ओढ्यांतला बेडूक दुसऱ्या ओढ्यांत सोडूं नये, परदेशचा प्राणी हौसेखातर आणूं नये, आणि एका रानांतला चिखल बुटांस तसाच ठेवून दुसऱ्या रानांत जाऊं नये, एवढें आपल्या हातीं आहे. यंदां मृग लागला कीं रात्रीं क्षणभर खिडकी उघडून ऐका. बाहेर डरांव डरांव चाललें असेल, तर तें आपलें भाग्य समजा. आणि नसेल, तर कां नाहीं, हें घरांतल्या मुलांबरोबर बसून शोधा.